साधी शस्त्रक्रिया

‘साधी’ हा शब्द मोठा फसवा आहे. साधे जेवण, साधी राहणी, साधा माणूस असे म्हणताना त्यात एक विसावा असतो. ‘साधी शस्त्रक्रिया’ असे डॉक्टरांनी म्हटले, तेव्हाही आम्हाला तसाच विसावा वाटला होता. ती साधी कोणासाठी, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनात आला नाही. तो आला तेव्हा आमच्या पोटातून एक नळी बाहेर आलेली होती आणि त्या नळीतून काय वाहते आहे, हे मोजण्यात घरातल्या सर्वांचे दिवस जात होते.

आमच्या पित्ताशयात खडे असल्याचे निदान २०२३ च्या पावसाळ्यात झाले. दोनदा उजव्या बरगडीखाली असह्य कळ आली. रात्रभर उलट्या झाल्या. सोनोग्राफीत बोराच्या बीएवढे चार-पाच खडे दिसले. आम्ही पथ्याने दिवस काढू पाहिले. तळलेले सोडले, सणासुदीलाही ताटात मटणाचा रस्सा घेतला नाही. नाताळ उरकल्यावर मात्र पत्नीने निक्षून सांगितले, “आता पुरे झाले. तुमच्या पथ्याला आम्ही कंटाळलो.” जानेवारीत ऑपरेशन ठरले. पुण्यातील एका रुग्णालयात, तीन दिवसांच्या मुक्कामाचे. रुग्णालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही.

डॉक्टरांनी जे सांगितले त्यात खोटे काहीच नव्हते. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने १५ जुलै १८८२ रोजी केली. त्यानंतरची शंभर वर्षे हे काम पोटावर वीतभर छेद घेऊनच होत असे. १९८५ साली जर्मनीतील एरिख म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून करून दाखवले. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ही पद्धत भारतात आणली. आज पोटावर चार लहान छिद्रे पाडून तासाभरात पित्ताशय बाहेर काढतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी घरी जाऊन चहा पितो. आमच्या आळीतच असे चहा पिणारे तिघे आहेत. तेव्हा आम्हीही घरच्या चहाचीच कल्पना करत रुग्णालयात दाखल झालो.

आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर संमतिपत्र घेऊन आले. चार पाने होती. मजकूर मराठीत होता, अक्षरही वाचता येण्याजोगे होते. डॉक्टरांनी जिथे बोट ठेवले तिथे आम्ही सही केली आणि साक्षीदार म्हणून पत्नीने केली. ‘वरील मजकूर वाचून व समजून घेतला आहे’ या ओळीखालीही आमची सही होती. तीस वर्षे शाळेत आम्ही मुलांना बजावत आलो होतो की, उत्तर लिहायला घेण्याआधी प्रश्नपत्रिका नीट वाचा. आमच्यासमोर जी प्रश्नपत्रिका आली, ती मात्र आम्ही वाचली नाही.

पुढचे आम्हाला ऐकूनच माहीत आहे. भूलतज्ज्ञांनी अंक मोजायला सांगितले, आम्ही सहापर्यंत पोचलो असू. बाहेर बाकावर पत्नी, दोन्ही मुलगे आणि सून बसली होती. तासाभराचे काम, म्हणून धाकटा मुलगा खाली वडापाव आणायला गेला. तो परत आला तरी आतून कोणी आले नव्हते. दीड तास झाला. मग दार उघडून शल्यविशारद स्वतः बाहेर आले. मुखपट्टी हनुवटीवर ओढलेली, हातमोजे काढलेले. त्यांनी सांगितले की, पित्ताशयाला आतून फार सूज आहे, ते भोवतालच्या भागाला चिकटून बसले आहे, रक्तस्राव होतो आहे आणि दुर्बिणीतून नळ्या नीट ओळखता येत नाहीत. अशा वेळी पोट उघडणे हाच सुरक्षित मार्ग होता. ते एवढे सांगून आत गेले. पत्नी म्हणते, त्यानंतरचे दोन तास तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदाही पाहिले नाही. ती हातातील जपमाळेचे मणी सरकवत राहिली, पण प्रार्थनेतला एकही शब्द तिला आठवेना.

आम्ही शुद्धीवर आलो ते अतिदक्षता विभागात. पोटावर चार लहान छिद्रे असतील अशी समजूत होती, प्रत्यक्षात उजव्या बरगडीखाली तिरका लांब छेद होता आणि त्याच्या बाजूने एक नळी बाहेर येऊन पिशवीत शिरत होती. श्वास घेतला की टाके ओढले जात. खोकला आला तर जीव जातो की काय असे वाटे. सिस्टरांनी उशी पोटाशी घट्ट धरून खोकायला शिकवले. मग तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे यंत्र आले. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकही चेंडू जागचा हलला नाही.

इतपत सारे ठीकच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि पिशवीतील पाण्याचा रंग बदलला. आधी ते लालसर होते, आता हिरवट पिवळे दिसू लागले. पित्त गळत होते. पित्ताशय कापताना त्याची जी लहान नळी बांधून टाकतात, तिच्या बुंध्याशी गळती होती. त्या दिवशी पिशवीत ३०० मिलिलिटर भरले, दुसऱ्या दिवशी ३५०. राऊंडला येणारे तरुण डॉक्टर पिशवीकडे पाहत, नोंद करत आणि “बघू या” म्हणून पुढे जात. विचारले तर “सर सांगतील” म्हणत. सर परगावी परिषदेला गेले होते. ते दोन दिवस आम्ही विसरणार नाही. दुखणे सोसता येते. पण आपल्या दुखण्याविषयी सर्वांना काही ठाऊक आहे आणि आपल्याला तेवढे सांगितले जात नाही, ही भावना सोसवत नाही.

थोरला मुलगा संतापला. त्याच्या एका मित्राच्या ओळखीचे वकील होते. “पप्पा, तुम्ही फक्त सही करा. बाकीचे आम्ही बघतो,” तो म्हणाला. पुन्हा सहीच! आम्हीही आतून पेटलो होतो. आयुष्यात कधी कोणाकडे पाण्याचा पेला मागितला नाही, त्या आम्हाला आता भांड्यासाठी मामांना हाक मारावी लागत होती, कूस बदलण्यासाठी मावशींचा हात धरावा लागत होता. या मानहानीला कोणीतरी जबाबदार असलेच पाहिजे, असे वाटत होते. नोटिशीचा मजकूर आम्ही मनातल्या मनात तयारही केला होता आणि त्यातील मराठी चांगली साधली होती.

त्या दिवसांत शाळेतील एक जुने सहकारी भेटायला आले. इतिहासाचे शिक्षक. त्यांनी शहाळे टेबलावर ठेवले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि म्हणाले, “सर, योगायोग बघा. याच महिन्यात ससूनमधल्या त्या ऑपरेशनला शंभर वर्षे होताहेत.” मग त्यांनी आम्हाला ती हकीकत पुन्हा सांगितली. आम्हाला ती ठाऊक होती, शाळेत कधीतरी सांगितलीही होती. पण अंथरुणावर पडून, पोटाला नळी लावलेल्या स्थितीत ती ऐकणे ही गोष्ट निराळी होती.

महात्मा गांधींना १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात आणण्यात आले. आम्ही त्याच येरवड्याच्या बाजूला राहतो, तुरुंगाची भिंत आमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या पोटात तीव्र कळा सुरू झाल्या. आंत्रपुच्छाचा दाह होता. १२ जानेवारीला त्यांना नदी ओलांडून ससून रुग्णालयात हलवण्यात आले. आंत्रपुच्छ काढणे हीसुद्धा आजची ‘साधी’ शस्त्रक्रिया. त्या काळी ती साधी नव्हती. बावीसच वर्षांपूर्वी, १९०२ च्या जूनमध्ये, याच दुखण्याने इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना पुढे ढकलावा लागला होता. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी त्यांच्या पोटातील गळू फोडून पू काढला आणि राजे वाचले.

ससूनमध्ये रुग्ण कैदी होता आणि शल्यविशारद कर्नल मॅडॉक हे ज्या सरकारने त्याला कैद केले त्याच सरकारचे अधिकारी होते. गांधींनी डॉ. दलाल व डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याची इच्छा व्यक्त केली. त्यांना आणण्याची खटपट झाली, पण ते वेळेत पोचू शकत नव्हते आणि थांबणे धोक्याचे होते. तेव्हा पुण्यातील दोघांना बोलावण्यात आले. एक डॉ. फाटक आणि दुसरे भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री. शास्त्रींचा असहकाराच्या चळवळीला विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता. त्या रात्री गांधींच्या उशाशी उभे राहायला हा विरोधक चालला.

रुग्णाची संमती नोंदवणारा एक कागद तयार करण्यात आला होता. गांधींनी चष्मा लावून तो लक्षपूर्वक वाचला. त्यांना त्याची भाषा पुरेशी वाटली नाही. पोटात कळा येत असताना त्यांनी कर्नल मॅडॉक यांना उद्देशून नवे पत्र सांगितले आणि शास्त्रींनी ते पेन्सिलीने उतरून घेतले. डॉक्टरांनी व सेवकांनी आपली किती काळजी घेतली, आपल्या पसंतीचे डॉक्टर आणण्याची मोकळीक कशी दिली गेली, ते का येऊ शकले नाहीत, कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे आणि त्यांनी आता शस्त्रक्रिया करावी, असा तो आशय होता. मग गुडघे उभे करून, त्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. हात थरथरत होता. त्या थरथरीवर त्यांनी स्वतःच विनोद केला आणि तोही सर्जनपाशी.

आपल्याला काही झाले तर देश पेटेल आणि पहिला संशय या इंग्रज माणसावर येईल, हे त्या खोलीतील प्रत्येकाला कळत होते. म्हणून ते पत्र रुग्णाने डॉक्टरच्या रक्षणासाठी लिहिलेले संमतिपत्र ठरते. आमच्या संमतिपत्राचे चार कागद रुग्णालयाने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केले होते आणि आम्ही ते वाचले नव्हते. सहकारी बोलत होते आणि आमचे डोळे मात्र छताकडे लागले होते.

पुढे जे झाले ते आणखी विलक्षण आहे. क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया सुरू झाली आणि बाहेर वादळ होऊन वीज गेली. परिचारिकेने हातातील विजेरी धरली, थोड्याच वेळात तीही विझली. शेवटी कंदील आणून त्याच्या उजेडात कर्नल मॅडॉक यांनी काम पुरे केले. रॉकेलच्या कंदिलाखाली, उघड्या पोटावर, सरकारच्या सर्वांत मोठ्या कैद्यावर. त्या मिनिटांत त्या माणसाच्या मनात काय चालले असेल? आजवर आम्ही ही हकीकत सांगताना गांधींचा विचार केला होता. त्या दिवशी प्रथमच कर्नलचा विचार मनात आला. आणि त्याच्यामागोमाग आमच्या शल्यविशारदांचा. मुखपट्टी खाली ओढून ते बाहेर आले, तेव्हा त्यांचाही उजेड आत कुठेतरी गेलेला असणार.

येथे गैरसमज नको. डॉक्टर चुकत नाहीत असे आम्हाला म्हणायचे नाही आणि रुग्णाने मुकाट्याने सोसावे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, हे योग्यच झाले. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, रुग्णाला नीट माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. एका तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर, जिवाला तातडीचा धोका नसताना, भलतीच शस्त्रक्रिया उरकता येणार नाही. हे रक्षण रुग्णाला हवेच. पण त्याच महाराष्ट्रात डॉक्टरांवरील आणि रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, हेही खरे आहे. या दोन कायद्यांच्या मध्ये एक रिकामी जागा आहे. तेथे एका माणसाने दुसऱ्याला विचारायचे असते आणि दुसऱ्याने खरे उत्तर द्यायचे असते. ती जागा कोणत्याही कायद्याला भरता येत नाही.

सहकारी गेल्यावर आम्ही पत्नीला संमतिपत्राची प्रत मागवायला सांगितले. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले होते: गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल. त्याखाली संभाव्य गुंतागुंतींची यादी होती: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्ताची गळती. मुलगा म्हणाला, “लिहिलेले असले म्हणून काय झाले?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कागदावर लिहिल्याने चूक झालीच नाही असे ठरत नाही. आम्ही म्हणालो, “आधी विचारू. उत्तर मिळाले नाही तर नोटीस आहेच.”

दुसऱ्या दिवशी शल्यविशारद आले. आम्ही सर्वांसमोर विचारले, “डॉक्टर, यात काही चूक झाली का?”

खोलीत शांतता पसरली. मागे उभे असलेले तरुण डॉक्टर हातातील कागद चाळू लागले. शल्यविशारदांनी खाटेजवळचे स्टूल ओढले आणि ते बसले. आठ दिवसांत ते प्रथमच बसले असतील. खिशातील कागदाच्या पाठीवर त्यांनी यकृत, त्याखालची मोठी पित्तनळी आणि तिला फुटलेली लहान नळी काढली. म्हणाले, “ही लहान नळी मी बांधली. ती सुजलेली होती, ओल्या कागदासारखी. टाका बसला, पण तिसऱ्या दिवशी त्याने नळीला कापले असावे. मोठी नळी शाबूत आहे. हे आम्ही आज एमआरआय करून पक्के पाहू. दुसऱ्या कोणाच्या हातून हे टळले असते का? कदाचित टळले असते. मी स्वतःला तो प्रश्न रोज विचारतो आहे. बांधणारा हात माझा होता, तेव्हा जबाबदारी माझी. आणि दोन दिवस तुम्हाला कोणी काही सांगितले नाही, ही मात्र सरळ चूक आहे. तिच्याबद्दल मी माफी मागतो.”

थोरल्या मुलाने काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, “आता पुढे काय करायचे?” त्या प्रश्नाने नोटिशीचा विषय संपला. आमची चांगली साधलेली मराठी वाया गेली, याचे आम्हाला वाईट वाटले नाही.

पुढचा उपाय ऐकायला सोपा होता. यापुढे कोणताही उपाय ‘साधा’ म्हणून ऐकायचा नाही, एवढे मात्र आम्ही शिकलो होतो. तोंडावाटे दुर्बीण घालून आतड्यापर्यंत न्यायची, तेथे उघडणाऱ्या पित्तनळीच्या तोंडातून एक बारीक प्लास्टिकची नळी आत बसवायची. पित्ताला खाली उतरायची सोपी वाट मिळाली की ते भोकातून गळायचे थांबते आणि भोक आपोआप भरून येते. आमच्या गावाकडे, नगर जिल्ह्यात, पाटाचे पाणी फुटले की शेतकरी आधी दार उघडून पाणी दुसरीकडे वळवतो आणि मग फुटलेला बांध घालतो. तीच युक्ती. या वेळी संमतिपत्र आले तेव्हा आम्ही चष्मा लावून चारही पाने वाचली, दोन ठिकाणी प्रश्न विचारले आणि मगच सही केली. तरुण डॉक्टरांना जरा उशीर झाला. पण त्यांनीही उत्तरे मनापासून दिली.

नळी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी पिशवीत २०० मिलिलिटर होते. मग १२०, मग ४०. ज्या दिवशी १० भरले, त्या दिवशी पिशवी रिकामी करणाऱ्या मावशींनी ती उजेडाकडे धरून आम्हाला दाखवली. “बघा दादा, चमचाभर पण नाही,” त्या म्हणाल्या. शाळेत पहिला आलेल्या मुलाचा निकाल आईने शेजारणीला दाखवावा, तसा त्यांचा चेहरा फुलला होता. तीन दिवसांचा ठरलेला मुक्काम एकोणीस दिवसांचा झाला होता.

घरी आलो म्हणजे बरे झालो, हा आमचा आणखी एक भ्रम होता. घरी येऊन आम्ही पंधरा दिवस ओसरीपर्यंतही धड चाललो नाही. वजन नऊ किलोंनी उतरले होते. वर्तमानपत्र हातात धरले तर मथळ्यांपलीकडे लक्ष लागत नसे. लोक भेटायला येत आणि “आता छान दिसताय” म्हणत. आम्हाला मात्र अंघोळीचा तांब्या उचलणे जड जात होते. त्या काळात गांधींच्या गोष्टीचा उत्तरार्ध आम्हाला अधिक जवळचा वाटू लागला, तो सहसा कोणी सांगत नाही. शस्त्रक्रिया पार पडली, पण जखमेपाशी गळू धरले आणि प्रकृती लवकर सुधारेना. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती. ते बनवणारा पिंपरीचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. १९२४ साली पुण्यात गळू झालेल्या रुग्णाने जखम धुऊन घ्यायची आणि वाट पाहायची. आमच्या शिरेतून रोज तीन वेळा जी औषधे जात होती, त्यांतील एकही त्या रुग्णाला मिळणे शक्य नव्हते.

५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने त्यांना विनाअट सोडले. दोनच दिवसांनी मौलाना महमद अली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या सुटकेने आपल्याला आनंद झाला नसल्याचे कळवले. कैद्याचे आजारपण हे सुटकेचे कारण होऊ शकत नाही, असे त्यांचे मत होते. त्याच पत्रात त्यांनी कर्नल मॅडॉक आणि रुग्णालयातील सेवकांचे आभारही मानले. आजारपणामुळे मिळालेली सूट त्यांना ऋणासारखी वाटली. मार्चमध्ये ते हवापालटासाठी मुंबईजवळ जुहूला समुद्रकाठी गेले आणि एप्रिलपासून पुन्हा आपल्या साप्ताहिकांचे संपादन करू लागले. ज्यांनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये इस्पितळांवर आणि डॉक्टरांवर कडक टीका केली होती, त्यांचाच जीव एका इस्पितळात वाचला होता. या विसंगतीवरून त्यांना प्रश्न विचारले गेले, तेव्हा देहावरचा आपला मोह त्यांनी मोकळेपणाने कबूल केला. दुखण्यात माणसाची तत्त्वेही कूस बदलतात. ते लपवायचे की कबूल करायचे, एवढेच त्याच्या हाती असते.

आमच्या वाचकांना दुसरे एक दुखणे अधिक परिचयाचे असेल. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने संत इग्नाती लोयोलाचा पाय मोडला. हाड वाकडे जुळले, म्हणून ते पुन्हा मोडून बसवण्यात आले, तेही भुलीशिवाय. जून अखेरीस, संत पेत्र व पौल यांच्या सणाच्या आदल्या दिवशी, मध्यरात्रीपर्यंत उतार पडला नाही तर आशा सोडा, असे वैद्यांनी सांगितले. उतार पडला. मग गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला आणि त्यावर उंची बूट शोभणार नाही, म्हणून या सरदाराने तो करवतून घेण्याचा हट्ट धरला! तोवर त्याच्यात काहीही बदल झालेला नव्हता, हे लक्षात घ्यावे. बदल झाला तो पुढच्या लांबलचक, कंटाळवाण्या महिन्यांत, जेव्हा वाचायला हवी ती शौर्यकथांची पुस्तके घरात मिळाली नाहीत आणि मिळेल ते वाचावे लागले. तीन शस्त्रक्रियांनी पाय जेमतेम उभा केला. माणूस उभा राहिला तो अंथरुणावर.

आमच्यात असा काही मोठा बदल झाला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पत्नीचे मत तर नेमके उलट आहे. पण दोन-तीन गोष्टी खऱ्या. शेजारच्या बाई रोज दुपारी तांदळाची पेज आणून देत. पहिले आठ दिवस आम्ही “कशाला त्रास घेता” म्हणत होतो, नवव्या दिवसापासून दुपार झाली की दाराकडे पाहू लागलो. घेणे ही देण्याइतकीच अवघड गोष्ट आहे आणि आम्ही ती बासष्टाव्या वर्षी शिकायला लागलो. थोरला मुलगा रोज रात्री आमचे पाय चेपू लागला. तो लहान असताना आम्ही त्याला हात लावला असेल तो बहुधा छडीसह. त्याविषयी आम्ही दोघेही काही बोललो नाही.

सहा आठवड्यांनी पित्तनळीतील ती नळी काढली. परतताना आम्ही रिक्षा स्टेशनकडून न्यायला सांगितली आणि ससूनपाशी थांबवली. १८६७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली ती दगडी इमारत आणि तिचा उंच मनोरा फाटकाबाहेरूनही दिसतो. ती शस्त्रक्रिया जेथे झाली ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. तेथपर्यंत जाण्याइतकी ताकद अंगात नव्हती, म्हणून आम्ही पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून फाटकापाशीच उभे राहिलो. आतबाहेर माणसांची रीघ लागली होती. कोणी हातात क्ष-किरणाचे पाकीट धरून, कोणी डबा घेऊन, कोणी झोपलेले मूल खांद्यावर टाकून. त्यांतील अनेकांना आतमध्ये आज ‘साधेच ऑपरेशन आहे’ असे कोणी ना कोणी सांगितले असेल आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही ठरले असेल.

“काय बघताय?” पत्नीने विचारले.

“कंदील,” आम्ही म्हणालो.

तिने आमच्याकडे पाहिले, कपाळाला हात लावून ताप नाही ना याची खात्री करून घेतली आणि रिक्षावाल्याला हाक मारली. नदीवरच्या पुलावरून रिक्षा येरवड्याकडे निघाली. खड्ड्यात चाक गेले की टाक्यांची जागा अजून दुखत होती. आम्ही उशी पोटाशी धरली, तशी सिस्टरांनी शिकवली होती.